हिरवे रकाने

यादीत ताईच्या शाळेचं नाव नव्हतं. नऊ पानं, दोनशे चौदा शाळा, आणि मी ती पानं तिसऱ्यांदा उलटत होतो. चष्मा हरवलेला माणूस एकच उशी पुन्हा पुन्हा उचलून बघतो, तसा. सोमवारचे साडेअकरा वाजले होते. शेजारच्या टेबलावर कुणीतरी स्टेपलर आपटत होतं, पंख्याखाली कागद फडफडत होते, चहाचे कप गोळा करून माणूस गेला होता. या यादीतल्या प्रत्येक शाळेला पुढच्या महिन्यापासून आणखी एक शिक्षक मिळणार होता. माझी ताई एका लहानशा गावात एकटीनं शाळा चालवते: चार इयत्ता, एक खोली, एक फळा, एक्केचाळीस मुलं आणि ती. तिची निवृत्ती अडीच वर्षांवर आली आहे आणि तिचा घसा त्याआधीच निवृत्त व्हायला बघतो आहे. राज्यात कुणाला दुसऱ्या शिक्षकाची गरज असेल तर ती तिला. तरी तिच्या शाळेचं नाव नव्हतं. का नाही, हे माझ्या बोटांना माझ्याआधी कळलं. ती गार पडली. डोक्याला कळलं ते शेवटी, आणि डोक्यानं लगेच कांगावा सुरू केला, की मी तर तिचं भलंच केलं होतं.

राज्यानं चार वर्षांपूर्वी शाळांसाठी अध्ययन मानकं ठरवली. कुठल्या इयत्तेतल्या मुलाला काय यायला हवं याची ती यादी, एकूण अठ्ठेचाळीस कलमांची. तिसरीतलं मूल अनोळखी उतारा वाचून त्यातल्या दोन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगतं. चौथीतलं मूल खोलीची लांबी अंदाजानं सांगतं आणि मग मोजून पाहतं. वाचायला फार छान वाटतं. ज्यांनी लिहिली त्यांनी अशी मुलं कुठे पाहिली, हे मात्र कुणी विचारलेलं नाही. ही मानकं वर्गात कितपत उतरली याचा माग ठेवणारा कक्ष म्हणजे आम्ही, तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. दर तीन महिन्यांनी प्रत्येक शाळा प्रत्येक मानकापुढे एक, दोन किंवा तीन भरून पाठवते. एक म्हणजे मुलांना येत नाही, दोन म्हणजे थोडंफार येतं, तीन म्हणजे येतं. एकचा रकाना लाल होतो, दोनचा पिवळा, तीनचा हिरवा. त्या रकान्यांचा राज्याचा नकाशा होतो आणि तो साहेबांच्या भिंतीवर लागतो. ऑफिसात मला रंगारी म्हणतात. पहिल्या वर्षी नकाशा लालभडक होता. लाल शाळांना नोटिसा गेल्या, खुलासे मागवले, पाचपन्नास बदल्या झाल्या. शहाण्याला शब्दाचा मार. दुसऱ्या वर्षी नकाशा बघता बघता हिरवागार झाला, एकाही मुलाला जास्तीचं एक अक्षर न येता. यंदा मात्र वरून परिपत्रक निघालं, की लाल शाळेला आता शिक्षा नाही, मदत. जी शाळा खरोखर मागे असेल तिला जादा शिक्षक. ते परिपत्रक माझ्याच टेबलावरून गेलं, त्यातले स्वल्पविरामसुद्धा मी तपासले होते, आणि म्हणूनच माझा त्यावर काडीचाही विश्वास नव्हता. इतरांचाही नसावा. हजारो शाळांतून फक्त दोनशे चौदा जणांनी लाल भरायचं धाडस केलं. आणि ताईनं.

तिचा तक्ता माझ्यासमोर उघडला तेव्हा मी डबा खात होतो. तीन महिने झाले त्याला. अठ्ठेचाळीसपैकी एकतीस रकाने लाल. खाली शेऱ्याच्या चौकटीत, जिथे सगळ्या लाल शाळा ‘प्रयत्न चालू आहेत’ एवढंच लिहितात, तिथे तिनं लिहिलं होतं: ‘मुलं हुशार आहेत. मी एकटी आहे. आवाज पुरत नाही.’ माझा घास तोंडातच राहिला. ही बाई वेडी आहे का, असं मी जवळजवळ मोठ्यानं म्हणालो. पस्तीस वर्षं खात्यात काढून एवढंही कळू नये? परिपत्रकं येतात आणि जातात, नोटीस मात्र फायलीत राहते. माझ्या डोळ्यांपुढे चौकशीला आलेली मंडळी उभी राहिली, खुर्ची नाही म्हणून बाकावर अवघडून बसलेली, आणि त्यांच्यासमोर पदर सावरत उभी असलेली ताई. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे आपापल्या डब्यात होते. मग मी एकेक रकाना उघडला आणि त्यात तीन टाकला. एकतीस रकाने, अकरा मिनिटं. दोन-तीन पिवळे ठेवले, कारण सगळंच हिरवं दिसलं की संशय येतो. आपलं कसब माणूस अशा वेळी वापरतोच. हिरव्या शाळेला शेरा लिहायची सोय नसते, म्हणून तिची ती तीन वाक्यं आपोआप पुसली गेली. त्याचं वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर नाही. मला फार बरं वाटलं. जन्मभर तिच्याकडून घेतच आलो होतो, आज पहिल्यांदा काही दिलं, असं वाटलं. तिला सांगितलं नाही. उपकार बोलून दाखवू नयेत, हा माझा मोठेपणा.

तिच्याकडून काय घेतलं याचा हिशेब मांडत बसलो तर ऑफिस सुटेल. ती माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. आई सदा आजारी, वडील फिरतीवर; मला वाचायला शिकवलं ते तिनं, आणि तेही घरात नाही, रस्त्यावर. शाळेच्या वाटेवर दुकानांचे बोर्ड होते: शिंपी, छत्र्यांची दुरुस्ती, लाकडाची वखार, दातांचा डॉक्टर. तिचा नियम असा की दिसेल तो बोर्ड पूर्ण वाचल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. दातांच्या डॉक्टरच्या बोर्डाशी मी रोज अडायचो. त्याच्या नावाखाली पदव्यांची रांग होती, जोडाक्षरांनी गच्च भरलेली. मी अंदाजानं काहीतरी ठोकून द्यायचो. ती म्हणायची, “येत नाही म्हण.” मी म्हणायचो, “येतंय की.” ती हात धरून उभीच. ऊन डोक्यावर यायचं, शाळेची घंटा व्हायची, येणारेजाणारे बघायचे, आणि मी रडकुंडीला येऊन शेवटी म्हणायचो, “नाही येत.” मग तिचा चेहरा एकदम मोकळा व्हायचा. “हां,” ती म्हणायची, “आता शिकवता येईल.” आणि गुडघ्यावर बसून बोटानं मातीत एकेक अक्षर फोडून दाखवायची. उशीर झाला म्हणून मुख्याध्यापकांनी कारण विचारलं तर पोट दुखत होतं वगैरे काही नाही, सरळ “बोर्ड वाचत होतो.” छड्या दोघांनाही. मला तिचा तेव्हाही राग यायचा. एक थाप मारली असती तर काय बिघडलं असतं? पुढे तिनं कॉलेज अर्धवट सोडलं, शिक्षिकेची नोकरी धरली, त्या पगारावर मी शिकलो, आणि शिकून काय केलं तर राज्यातल्या तमाम शाळांना थाप मारायची सोय करून देणारा तक्ता बनवला. देखणा आहे तो. बाहेरच्या राज्यांतून लोक बघायला आले होते.

दुपारी मी साहेबांच्या खोलीत गेलो. साहेब वाईट माणूस नाही. त्यांना फक्त कुठल्याच गोष्टीचा त्रास नको असतो. भिंतीवरच्या नकाशाखाली बसून ते संत्रं सोलत होते.

“साहेब, यादीवर शुक्रवारी पाचपर्यंत हरकती येतील.”

“येऊ देत की.”

“एखाद्या शाळेचे आकडे चुकले असले तर?”

“शाळेनं चुकवले असतील तर दुरुस्त करा, आपलं काय जातं? फक्त चूक आपल्या दारात यायला नको, रंगारी. राज्याचा हिरवा आकडा ब्याऐंशी पूर्णांक सहा टक्के म्हणून जाहीर झालाय. एकाचं उघडलं की सगळे उघडायला बसतील.” त्यांनी संत्र्याची फोड माझ्यापुढे धरली. “का हो? तुमच्या ओळखीतलं कुणी आहे का त्यात?”

“छे,” मी म्हणालो, “माझं कोण असणार?” आणि ती फोड खाल्ली. आंबट होती. जिन्यावर आलो तेव्हा लक्षात आलं, की बहीण आहे हे नाकारायला मला अर्धा श्वासही लागला नव्हता. इतकं सहज तर मी घरचा पत्तादेखील सांगत नाही.

बुधवारी ताईची हरकत आली. तक्त्याची कागदी प्रत जोडलेली, तिच्या गोल, सुट्या अक्षरातली, एकतीस ठिकाणी एक. आणि गुरुवारी ती स्वतःच आली, हरकतीसाठी नाही, घशाच्या डॉक्टरकडे. मी संध्याकाळी घरी पोचलो तर ती जेवणाच्या टेबलाशी बसलेली, गळ्याभोवती रुमाल, समोर गरम पाण्याचा पेला. मला बघून हसली आणि बोटानं ओठांवर आडवी रेघ मारून दाखवली. बायकोनं सगळं सांगितलं. स्वरयंत्रावर गाठी आल्या होत्या. पंधरा दिवस चकार शब्द काढायचा नाही. त्यानंतर बोलायचं ते हळू, समोरासमोर, एका माणसाशी बोलावं तसं. खोलीभर मुलांवर पुन्हा आवाज चढवला तर आवाज जाईल तो कायमचा. “म्हणजे एकटीनं शाळा झेपणारच नाही,” बायको म्हणाली. “दुसरं कुणी आलं नाही तर यांनी नोकरी सोडायची आणि शाळेला कुलूप. मुलांना मग सात किलोमीटर चालत जावं लागणार, मोठा रस्ता ओलांडून. यांना स्वतःपेक्षा त्याचीच काळजी.” ताईला लिहायला कागद हवे होते. मी ऑफिसातून पाठकोरे कागद आणतो, बाद झालेल्या तक्त्यांचे. बायकोनं तोच गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. ताईनं एक कागद उलटा केला, छापलेली बाजू खाली गेली, आणि तिनं लिहिलं: ‘यादीत नाव नाही.’

“बघितलं,” मी म्हणालो.

‘मी एकतीस लाल भरले होते.’ मग तिनं पिशवीतून आणखी एक घडी काढून माझ्यापुढे सरकवली. तक्ता भरल्यावर शाळेला मिळते ती पोच, तारीख आणि वेळेसकट, तिनं भरलेल्या आकड्यांसकट. राज्यात ही पोच कुणीही जपून ठेवत नाही.

“अहो, मग हे बदललं कुठे?” बायकोनं विचारलं. “सगळे तक्ते तुमच्याकडेच येतात ना?”

“मधे विभागाचं ऑफिस असतं,” मी म्हणालो. माझा आवाज अगदी स्वच्छ, खणखणीत होता; माझ्या घशाला कधी काही झालेलं नाही. “तिथे नवीन पोरं कामाला असतात. हात इकडचा तिकडे होतो. असं होतं कधीकधी.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. रागानं नाही. मी तिच्या नजरेला नजर देऊन बसलो, कारण खोटं बोलणाऱ्यानं खाली बघू नये एवढं मला येतं. बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. आता ती विचारेल, मला वाटलं. आता फक्त ‘तू?’ एवढं एक अक्षर लिही, ताई, मी सगळं ओकून मोकळा होतो. तिनं पेन्सिल उचलली. लिहिलं: ‘जेवून घे. गार होतंय.’ पोचेची घडी पुन्हा पिशवीत ठेवली, आणि जेवण होईपर्यंत तिनं काही लिहिलं नाही. सकाळी पहिल्या बसनं ती गेली. मी तिला सोडायला जाणार होतो, पण तिनं मला उठवलं नाही. मी जागाच होतो.

शुक्रवारी चार वाजून वीस मिनिटांनी मी तिची हरकत उघडली. मान्य, अमान्य. मान्य केलं, की पुढचा रकाना उघडतो: चूक कुठे झाली? त्याखाली तीनच पर्याय येतात: शाळा, केंद्र म्हणजे आसपासच्या दहा-बारा शाळांवरचं ऑफिस, आणि विभाग. राज्य कार्यालय हा पर्याय नाही. तो का नाही हे मला चांगलं ठाऊक आहे, कारण हा रकाना मीच बनवला. दोन वर्षांपूर्वीच्या बैठकीत मी विचारलं होतं, “साहेब, चौथा पर्याय आपला ठेवू का?” आणि सगळी खोली हसली होती. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो. आता मी त्या तीन ओळींकडे बघत बसलो. विभाग म्हटलं तर विभाग हात झटकणार, त्यांच्याकडून निघालेला तक्ता पुढे करणार, मग बदल कुठल्या टेबलावर झाला हे शोधायला पाच मिनिटंही पुरणार नाहीत. केंद्र म्हटलं तरी तेच. राहिली शाळा. शाळेला आमच्या नोंदी बघता येत नाहीत; ताईच्या पिशवीतल्या पोचेचा विचार मी बाजूला सारला. कागदावर बरोबर लिहिलं आणि संगणकावर भरताना बाईंनी घोळ घातला. वय झालंय, चष्मा आहे, कुणालाही पटेल. दुसराही रस्ता होता. उठायचं, पंचवीस पावलं चालायचं आणि साहेबांना सांगायचं की मी केलं. मी उठलोही. पाणी पिऊन परत आलो. मनाची समजूत काढायला मला काही फार कष्ट पडले नाहीत: तिला शिक्षक मिळतोय ना? शाळा टिकतेय ना? तिचा आवाज वाचतोय ना? बदल्यात एक नोटीस, तीही छापील, त्यात काय एवढं. ज्या नोटिसीच्या भीतीनं मी तिचे रकाने रंगवले होते, तीच नोटीस मी चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी तिच्या नावे काढली. दोनशे पंधरावी शाळा यादीत आली.

नोटीस गेली. माझ्याच कक्षात टाइप झाली, वर साहेबांची सही. ‘चुकीची माहिती भरून शासनाची दिशाभूल केल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये’, हे वाक्य कायमचं तयार असतं, त्यात फक्त नाव बसवायचं. पुढचे बारा दिवस मी टपालाची वाट बघत होतो. ताई लिहिणार हे मला पक्कं माहीत होतं. ती ताई आहे. ती पोच जोडणार, तारीख आणि वेळ अधोरेखित करणार, आणि सरळ लिहिणार की माझे आकडे बरोबर होते, ते तुमच्याकडे बदलले. मग चौकशी होईल. मला कधी वाटायचं, होऊ दे एकदाची, सुटेन. कधी वाटायचं, बहिणीला भावाची एवढीही पर्वा नसावी? चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय. तेराव्या दिवशी खुलासा आला. एका पानाचा. तेच गोल, सुटं अक्षर. ‘तक्ता संगणकावर भरताना माझ्याकडून चुकीचे आकडे भरले गेले. चूक माझी आहे व ती मला मान्य आहे. यापुढे काळजी घेईन.’ खाली सही. सोबत जोडलेली कागदपत्रं: काही नाही.

ताई खोटं बोलली होती. छड्या खाल्ल्या पण थाप मारली नाही अशी माझी ताई, छप्पन्नाव्या वर्षी, लेखी, सही करून खोटं बोलली होती, आणि ते इतकं सफाईदार होतं की खात्यातल्या कुठल्याही मुरलेल्या माणसानं लिहावं तसं. ही माया होती की शिक्षा, मला कळेना. माया असेल तर मी तिला लायक नव्हतो, आणि शिक्षा असेल तर याहून मोठी तिला सापडली नसती. मला तिचा राग आला. हो, राग. निदान एकदा माझ्या अंगावर ओरडायचं होतंस, असं मनात आलं, आणि मग आठवलं की ओरडायला तिच्याकडे आता काही उरलेलं नाही. साहेब माझ्यामागून जाताना थबकले, खांद्यावरून त्यांनी ते पान वाचलं. “वा,” ते म्हणाले, “अशा सरळ बाई हल्ली मिळत नाहीत. चूक केली, कबूल केली. समज देऊन सोडा.” मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘खुलासा समाधानकारक. भविष्यात दक्षता घेण्याची समज देऊन प्रकरण बंद.’ तो रकाना हिरवा झाला.

शिक्षिका रुजू झाल्याचं पत्र महिन्याभरानं आलं. मी शाळेत दोनदा फोन केला. दोन्ही वेळा नव्या शिक्षिकेनंच उचलला, गोड, तरणा आवाज. मागे मुलांचा गलका. बाईंना डॉक्टरांनी बोलू दिलेलं नाही, काही निरोप आहे का, असं तिनं विचारलं. मी नाही म्हणालो. पंधरा दिवस केव्हाच सरले होते, पण मी मोजले नाहीत असं स्वतःला सांगत राहिलो. मग परवा संध्याकाळी घरी आलो, बूट काढत होतो, तर बायको आतून म्हणाली, “ताईंचा फोन आला होता दुपारी. आवाज चांगला सुटलाय हो त्यांचा. हळू बोलतात, पण किती गोड. तासभर बोलत होत्या. पहिलीतला एक मुका मुका राहणारा मुलगा आता वाचायला लागलाय म्हणे.”

एक बूट माझ्या हातातच होता. “माझ्याशी बोलायचं होतं का तिला?”

“नाही,” बायको म्हणाली. “तुम्ही त्या वेळी ऑफिसात असता, हे त्यांना माहीत होतं.”